तिसरी पिशवी

"बारा वर्षं, काका. बारा वर्षांचं बियाणं तुम्ही उंदरांच्या घशात घातलंत."

बाई गोदामाच्या दारातूनच ओरडल्या. उंदरांनी पिशवी फोडली, एवढंच कुणीतरी सांगितलं होतं. तेवढ्यावर त्या धावत आल्या होत्या. गोदाम सांभाळणारे काका हातात झाडू घेऊन उभे होते.

बाईंचा राग बियाणे संशोधन केंद्रात सगळ्यांना पाठ होता. मोहरीवर काम करता करता बाईच तडतडायला लागल्या, वाण नाही पण गुण लागला, असं लोक माघारी हसायचे. समोर हसायची कुणाची छाती नव्हती.

बाईंना अशी मोहरी हवी होती, जिचं तेल काढल्यावर उरलेली पेंड जनावरं आवडीनं खातील. नेहमीची पेंड इतकी कडू, की गाय हुंगते आणि तोंड फिरवते. चोवीस वाण त्यांनी बारा वर्षं लावले, निवडले, पुन्हा लावले. गेल्या आठवड्यात दाण्यांचा चुरा चोवीस काचनळ्यांत भरला. डावखुऱ्या बाईंनी त्या नळ्या स्वतःच्या हातानं स्टँडवर लावल्या. औषध घातलं की कडू चुरा काळपट होतो. तेवीस नळ्या काळपट झाल्या आणि एकच फिकट राहिली. नोंदवहीत तिचा नंबर आला तीन. औषध तिथंच संपलं, दुसऱ्यांदा तपासणी झाली नाही. बाईंना तेवढं पुरेसं होतं. उद्या तीन नंबरचं बियाणं गावोगावच्या शेतांवर जाणार होतं, आणि उरलेल्या तेवीस पिशव्या आज दुपारी घाण्यावर.

बाई बोलतच राहिल्या. पिंजरे का लावले नाहीत, दिवसभर करता काय, चार महिन्यांनी निवृत्त होणार म्हणून आत्तापासूनच झोपलात का. दुपारपर्यंत लेखी खुलासा टेबलावर पाहिजे. काकांचे कान लाल झाले. पिंजऱ्यांची मागणी त्यांनी तीनदा केली होती आणि ती बाईंच्याच टेबलावर पडून होती. राग त्यांनाही येत होता, पण गिळायची सवय झाली होती.

त्यांनी फळीकडे बोट केलं. तीन नंबरची पिशवी भरलेली होती. फोडून रिकामी केली होती ती बावीस नंबरची पिशवी.

बाईंच्या जिवात जीव आला. हे आधी सांगायला काय झालं होतं, म्हणून त्या पुन्हा खेकसल्या, पण आता त्यात जोर नव्हता. बावीस म्हणजे निव्वळ कडू जहर. गेलं तर गेलं. उंदरांना चव कळत नाही, एवढंच.

"कळते की, बाई," काका म्हणाले. "चोवीसही पिशव्यांना तोंड लावलंय त्यांनी. दोन दाणे चावले आणि सोडल्या. तुमची तिसरीसुद्धा. बाविसावी तेवढी चाटूनपुसून खाल्लीय."

बाईंनी तीन नंबरची पिशवी उचलून पाहिली. तळाला बोटभर भोक होतं. खाली चावून टाकलेले दाणे पडले होते. त्यांनी फळीवरच्या पिशव्या डावीकडून मोजल्या, मग उजवीकडून. उजवीकडून तिसरी पिशवी बावीस नंबरची होती.

बाविसातलं किती उरलंय, त्यांनी विचारलं. मूठभर, काका म्हणाले. झाडण्याआधी वेचून डब्यात भरून ठेवलं होतं.

बाई तशाच प्रयोगशाळेत गेल्या. तिथली मदतनीस नळ्या धुत होती. ती बाईंपेक्षा चार वर्षांनी मोठी होती. आठवड्यापूर्वी तीच नळ्यांचा स्टँड घेऊन बाईंच्या खोलीत आली होती. उकळत्या पाण्यात नळ्यांवरचे आकडे पुसले गेले होते, आणि नोंदवहीत नंबर लिहिण्यासाठी एक नंबर कुठल्या टोकाला लावलाय, एवढंच तिला विचारायचं होतं. डोळे फुटलेत का, असं बाई म्हणाल्या होत्या. चोवीस नळ्या त्यांनी नेहमीसारख्या उजवीकडून लावल्या होत्या.

आज त्यांनी अगदी हळू विचारलं, तू कुठून मोजलंस.

"डावीकडून," मदतनीस नळीवरची नजर न काढता म्हणाली. "पुन्हा विचारणार होते मॅडम, पण तुम्ही पुन्हा ओरडला असतात."