अर्ध्यावर थांबलेलं कीर्तन

जवळ सरका मायबाप, काळजाचा ठोका चुकवणारी गोष्ट सांगतो.

"सहापर्यंत एकही वाचक आला नाही, तर वाचनालय बंद करा असं लिहावं लागेल," तपासनीस म्हणाले. ग्रंथपाल सुमित्राबाईंनी रिकाम्या बाकांकडं पाहिलं. अख्खा गाव देवळात कीर्तनाला! तपासणीचं सांगूनही बुवांनी आजच चिपळ्या हाती घ्याव्यात?

सहा वाजत आले. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. तोच देवळातला मृदंग थांबला आणि माणसं धावत आत शिरली.

"बाई, त्या राजाचं पुस्तक काढा आधी! त्यानं लेकावर तलवार उगारली, अन् बुवांनी कीर्तनच थांबवलं. म्हणाले, पुढचं वाचनालयात वाचा!"

मागून बुवा आले. "गोष्ट हा शब्द गोठ्याच्याच घरातला, बाई; दोन्ही संस्कृत 'गोष्ठ'पासूनचे, म्हणजे गाई बांधायची जागा. म्हटलं, गुरं इकडंच हाकलावीत!"

साहेबांनी टोपण लावलं.

मंडळी, पुस्तक उघडाल तेव्हा आमच्या बुवांना आठवा.