इंची मापाची बेअरिंग

मशीन चालू होती. आबाराव गल्लीतच थबकले. दोन वर्षांपासून बंद असलेली मशीन आहे, असं भंगारवाल्या अतिकनं सांगितलं होतं.

चार महिने ते एका बेअरिंगसाठी हिंडत होते. वडीगोद्रीतल्या त्यांच्या सुतारकामाच्या दुकानात वडिलांनी घेतलेली विलायती रंधा मशीन होती. पाती बसवलेला जाड लोखंडी रूळ आणि त्याच्या दोन टोकांना एकाच मापाच्या दोन बेअरिंग. त्यातली डावी दिवाळीच्या आधी फुटली. माप इंची. जालन्यातल्या दुकानदारांनी ती हातात घेऊन पाहिली आणि परत दिली. संभाजीनगरच्यांनीही तेच केलं. "काका, हे माप आता येत न्हाई." भंगारात अशी मशीन आली तर दोन दिवसांत ती भट्टीत जाते आणि तिची सळई होते, हे अतिकनंच त्यांना सांगितलं. मग काहीतरी आठवून म्हणाला, "जुन्या जालन्यात फकरोद्दीन मिस्त्रींची हाय, तश्शीच. मिस्त्री वारले. चाची कुणाला विकत न्हाई. पण जाऊन बघा."

तसं आबारावांना काम फार उरलं नव्हतं. लोक तयार दरवाजे आणत. पण बायको गेल्यापासून घरात आवाज असा तेवढा मशिनीचाच होता. गिऱ्हाईक नसलं तरी ते दुपारी एखादी जुनी फळी तिच्यातून काढत. मशीन बंद पडली आणि ते दुकानात नुसते बसायला लागले. समोर हायवेवरून गाड्या जात. कधीकधी अख्ख्या दिवसात ते एक शब्द बोलत नसत.

मिस्त्रींचं दार उघडंच होतं. आत कुणी नव्हतं. लाकूड नव्हतं, भुसा नव्हता, फरशी झाडून लख्ख केलेली. मधोमध मशीन, आणि तिचा रूळ रिकामाच फिरत होता.

"कोण हाय का?"

आतल्या खोलीतून साठीची बाई आली. डोक्यावर ओढणी ओढून तिनं हातानंच त्यांना थांबवलं. आणखी थोडा वेळ मशीन फिरू दिली आणि मग बटण बंद केलं.

आबारावांनी आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, अतिकचं नाव घेतलं.

"मी काही कापत न्हाई, भाईसाब," मिस्त्रींची बायको मैमूना स्वतःहूनच म्हणाली. कुणीतरी पकडल्यासारखी ती ओशाळली होती. "मिस्त्री दुपारची, जोहरची नमाज पढून यायचे अन् चालू करायचे. मी आत भाकरी करून राह्यलेली असायची. आता मी चालू करते अन् आत जाऊन बसते. वाटतं, ते हितं काम करून राह्यले."

आबाराव मशिनीजवळ गेले. त्यांचं लक्ष मशिनीकडे होतं. चालताना तिच्यात बारीक घरघर होती, ती त्यांनी दारातूनच ऐकली होती.

"भाभी, हिची उजवीकडची बेअरिंग जाऊन राह्यली. अशीच चालवली तर आठ-पंधरा दिवसांत रूळ धरंल. मंग फिरायची न्हाई."

"दुरुस्त होईल?"

"मिळायला पायजे न. माझीबी एक गेली. चार महिने झाले, तेच हुडकून राह्यलो."

"हिची दुसरी चांगली हाय?"

"बिलकुल चांगली."

मैमूनानं मशिनीच्या थंड लोखंडावर हात ठेवला आणि काढून घेतला.

"मंग घेऊन जा. माझी तर बंदच पडणार. तुमची तरी चालू राहू द्या."

ती आत गेली. आबारावांनी पिशवीतून नट खोलायचे पाने काढले. बेअरिंग निघायला तासभर लागला. निघाली तेव्हा त्यांनी ती फडक्यानं पुसली आणि बोटानं फिरवली. मऊ फिरली. चार महिने जिच्यासाठी वणवण केली ती तळहातावर होती. दोन मशिनी, आणि चांगल्या बेअरिंग दोनच. एक इथं हातात, एक वडीगोद्रीत.

पैसे किती द्यायचे ते विचारायला म्हणून त्यांनी आत डोकावलं. मैमूना खाटेवर बसली होती. दाराकडे पाठ, हात मांडीवर. चूल थंड होती. ती कशाचीच वाट बघत नव्हती. दुपारी आपण दुकानात कसे दिसत असू, हे आबारावांना पहिल्यांदाच दिसलं.

त्यांनी बेअरिंग होती तिथं परत बसवली. नट आवळले.

"आज न्हाई, भाभी," ते दारातून म्हणाले. "गुरुवारी येतो. तवर चालू करू नका."

गुरुवारी ते आले तेव्हा त्यांच्या पिशवीत फडक्यात गुंडाळलेली बेअरिंग होती. उजवीकडची खराब काढून त्यांनी ती बसवली, तेल दिलं, रूळ हातानं फिरवून पाहिला. मग बाजूला झाले.

मैमूनानं बटण दाबलं.

घरघर गेली होती. एकसारखा, भरलेला आवाज गल्लीपर्यंत गेला. ती सवयीनं आत जाऊन बसली. पण लगेच बाहेर आली, ओढणीच्या टोकानं डोळे पुसत.

"किती साल चालंल?"

"आपल्यापेक्षा जास्त."

"अन् तुमच्या मशिनीचं काय झालं? तिला मिळाली का?"

आबाराव पाने पिशवीत भरत होते. मशिनीच्या आवाजात ऐकू जावं म्हणून त्यांना मोठ्यानं बोलावं लागलं.

"भाभी, हा आवाज तिचाच हाय."