जुन्या खुणांचं पान

अतिदक्षता विभागाचं दार उघडेना. "या रुग्णाला नातेवाईक नाहीत," दारातून यंत्राचा आवाज आला.

"अरे, मी मुलगी आहे त्यांची!" मृण्मयी ओरडली.

कोण कुणाचं, हे यंत्र फक्त ज्याच्या त्याच्या वेबपानावर वाचायचं. त्या पानांत नाती कुठल्या खुणांनी, म्हणजे टॅगनी, लिहायची, हे मृण्मयीच्याच समितीने ठरवलं होतं. "जुन्या खुणा बाद करा. चार म्हाताऱ्यांची पानं मागे राहतील, राहू देत," असं ती तेव्हा हसून म्हणाली होती. तिच्या वडिलांचं, अप्पांचं, पान जुन्याच खुणांचं होतं; यंत्राला ते वाचता येत नव्हतं, आणि ते बदलायला त्यांच्याच अंगठ्याचा ठसा लागायचा.

काचेपलीकडे अप्पा तिला हाका मारत होते. ती दारावर थापा मारत राहिली. हळूहळू त्यांचे ओठ थांबले.

दार उघडलं ते स्ट्रेचर बाहेर काढायला. तिने हात पुढे केला, तसा वॉर्डबॉय खेकसला, "ओ बाई, बेवारस आहे. हात लावू नका."