अस्कानियोची आई

मठाच्या स्वयंपाकघरात सरदारघराण्यातली बाई आजवर कधी आली नव्हती. ओर्तेन्सिया थेट आत आली आणि आर्टिचोकची बोंडं भाजीसाठी सोलत बसलेल्या म्हाताऱ्या ब्रदर बाल्दोसमोर उभी राहिली. तिचा मुलगा अस्कानियो, याच मठातला नवा ब्रदर, वारल्याला नऊ दिवस झाले होते. तेवीस वर्षांचा होता. बाहेर दारापाशी अर्धं रोम लोटलं होतं, संताची पवित्र खूण म्हणून त्याच्या झग्याची चिंधी तरी मिळावी यासाठी.

"माझा मुलगा तुमच्या हाताखाली होता ना?"

बाल्दो गडबडून उठला. "हो, बाईसाहेब. मोठा पुण्यात्मा..."

"ते वर तासभर ऐकून आले. सगळे कुठल्या तरी देवदूताबद्दल बोलत होते. माझ्या मुलाबद्दल कुणीच बोलेना."

बाल्दोने हात पुसले. दाराकडे एकदा पाहून घेतलं.

"खरं सांगू? कामाला अगदी कुचकामी. तीन वेळा मसूर करपवला पोरानं."

"घरी त्याचे बूटसुद्धा नोकर चढवायचे," ती म्हणाली आणि बाकावर टेकली. "अजून सांगा."

"प्लेगची साथ आली तेव्हा सगळ्यांबरोबर हाही इस्पितळात गेला. पहिल्याच दिवशी एकाची गाठ फुटलेली पाहिली आणि धावत इकडे आला. त्या तिथं विहिरीपाशी भडाभडा ओकला. म्हणाला, ब्रदर, माझ्याच्यानं नाही व्हायचं."

"मग?"

"म्हटलं, नाही तर नाही. कांदे चीर. अर्धा कांदा चिरला त्यानं. मग तोंड धुतलं आणि परत गेला."

"भीती गेली म्हणायची."

"छे हो! रोज सकाळी इथं येऊन उभा. म्हणायचा, ब्रदर, पाय लटपटतायत. मी पावाचा तुकडा हातावर ठेवायचो. खायचा आणि जायचा. शेवटी रस्त्यात पडलेल्या एका हमालाला पाठीवर घेऊन आला, तेव्हाही पाय लटपटतच होते. त्यानंतर चौथ्या दिवशी अंथरूण धरलं."

ओर्तेन्सियाने रुमालात तोंड लपवलं. बाल्दो घाबरला, तिचे खांदे हलत होते. पण ती हसत होती, आणि रडतही होती.

इतक्यात मठाचे प्रमुख फादर कागद-दौत घेऊन तिला शोधत आले.

"बाईसाहेब, तुम्ही इथं? अस्कानियोच्या चरित्राचा आरंभ करतोय. लहानपणापासून तो अगदी निर्भय होता, असं लिहू ना?"

तिने डोळे पुसले.

"लिहून घ्या, फादर," ती म्हणाली. "सात वर्षांचा होईपर्यंत अंधारात एकटा जिनासुद्धा उतरायचा नाही."