एलियासचं मत

"जो खोलीत हजर नाही, त्याला मत नाही." यालमारीनं लिफाफा टेबलावरून परत सरकवला.

हेल्वीनं तो पुन्हा त्याच्यापुढे ढकलला. "एलियास मजा मारायला गेलेला नाही. खुब्याचं हाड मोडून इस्पितळात पडलाय."

"मग बरा होऊन येऊ दे."

"आणि मी आणखी एक वर्ष थांबू? चौथं?"

शिकारघरात सहा पुरुष बसले होते. सकाळची प्रार्थना आटोपून सगळे थेट इथंच आले होते. टोळीत नवा माणूस घ्यायचा की नाही, हे आज ठरायचं होतं. रीत जुनीच होती. प्रत्येकानं रिकाम्या किटलीत मूठ घालायची. होकार असेल तर वाटाणा सोडायचा, नकार असेल तर कॉफीची बी. एक जरी बी निघाली तरी माणूस बाहेर. दाट रानात भरल्या बंदुका घेऊन उभं राहायचं, तर सगळ्यांचा सगळ्यांवर भरवसा हवा. आणि मूस, म्हणजे घोड्याएवढं थोरलं हरीण, मारायचा परवाना टोळीलाच मिळतो. एकट्यादुकट्यानं ससे मारावेत.

तीन वर्षं हेल्वीच्या नावावर सहा वाटाणे आणि एक बी निघत होती. ती बी कुणाची, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. टोळीचा म्होरक्या यालमारी पहिल्याच वर्षी तिच्या तोंडावर म्हणाला होता, "शाळेची बस हाकणं वेगळं आणि बंदूक धरणं वेगळं, बाई."

ती या गावात नवी आली तेव्हा तिला रानात न्यायला कुणीच तयार नव्हतं. एकाला वेळ नव्हता, दुसऱ्याच्या कुत्र्याला अनोळखी माणूस चालत नव्हता. टोळीतल्या सर्वांत म्हाताऱ्या एलियासनं तेवढं दार उघडलं. बायको गेल्यापासून तो एकटाच राहायचा. दर शनिवारी तो हेल्वीला घेऊन निघे. वारा कसा ओळखायचा, माग किती जुना हे कसं सांगायचं, नेमाची खात्री नसेल तर चापावरून बोट कसं काढायचं, सगळं त्यानंच शिकवलं. दमून ओंडक्यावर बसले की तो संथ आवाजात एखादं स्तोत्र धरी, आणि दुसरं कडवं हेल्वी उचली. दर वर्षी नकार आला की तोच तिच्यापुढे वेलदोड्याचा गोड पाव ठेवी. "रडू नकोस, पोरी. मी आहे ना? शनिवारी सहाला ये."

काल इस्पितळात वाटाणा आणि बी तिनंच त्याच्या उशाशी ठेवली होती, आणि त्यानं त्यातलं एक लिफाफ्यात घालून तो चिकटवेपर्यंत गुप्त मताचा मान राखून खिडकीकडे तोंड केलं होतं.

"राहू दे गं," तो म्हणाला होता. "ते लोक माझं मत मोजायचे नाहीत."

"मी मोजायला लावते," ती म्हणाली होती.

आता ताउनो बाकावरून हसला. "ही रानात अशी ओरडली, तर मूस सीमा ओलांडून रशियात जाईल."

"मूस तरी जाईल. तू हलशील का जागचा?"

बाकीचे खदखदले. यालमारी हसला नाही. "नियम माझ्या आज्यापासूनचा आहे."

"नियम!" हेल्वीनं टेबलावर मूठ आपटली. "तीन वर्षं तोंडावर हसायचं आणि आतून बी टाकायची, हा कुठला नियम? या खोलीत एका माणसाचं मत स्वच्छ आहे, तेवढंच तुम्हाला नको!"

"म्हणजे आम्ही बी टाकतो?"

"सगळे नाही. तू."

यालमारीची मान लालबुंद झाली.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मोजू. पण शेवटी."

किटली फिरली. सहा मुठी आत गेल्या आणि रिकाम्या बाहेर आल्या. यालमारीनं किटली टेबलावर पालथी केली.

सहा वाटाणे होते.

हेल्वीनं ते बोटानं हलवून पुन्हा मोजले. ताउनोनं आरोळी ठोकली. कुणीतरी तिच्या पाठीवर जोरात थाप मारली.

यालमारी वाटाण्यांकडे बघतच नव्हता. त्यानं लिफाफा उचलून शांतपणे कोटाच्या खिशात घातला. "झालं. आलीस तू टोळीत. ताउनो, कॉफी ओत."

"लिफाफा?"

"राहू दे, हेल्वी." पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली होता. "गैरहजर माणसाला मत नसतं."

"आत्ता कबूल केलंस ना!"

"चुकलो मी. ऐक माझं. आजचा दिवस गोड आहे, गोडच राहू दे."

"हरलास म्हणून आता गोड बोलतोस?" ती टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर उभी राहिली. "ज्यानं मला हाताला धरून शिकवलं, त्याचं मत तू खिशात घालणार? माझ्यासमोर?"

"हेल्वी, नको."

तिनं त्याच्या खिशातून लिफाफा ओढून काढला, कड टर्रकन फाडली आणि टेबलावर पालथा धरला.

सहा वाटाण्यांशेजारी कॉफीची बी येऊन पडली.