पाहणारे पुष्कळ

"इतक्या लोकांनी पाहिली आणि दाबली एकानेही नाही?" सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "मग जाहिरात तरी वाईट आहे, नाहीतर लोकांची कातडी तरी जाड झालीय."

ढेकूण मारण्याच्या त्या छोट्या कचेरीत फवारणीच्या पंपांना लागूनच सुनेचं टेबल होतं. फोनवर कोणी ‘ढेकूण’ शोधलं की आपली जाहिरात वर दिसेल आणि तिच्यावर कोणी बोट दाबलं तरच आपले पैसे पडतील, हे तिनेच सासऱ्यांच्या गळी उतरवलं होतं. आज महिना संपत होता. संध्याकाळपर्यंत जाहिरातीतून एक तरी गिऱ्हाईक आलं नाही, तर जाहिरात बंद आणि सूनबाई पुन्हा पावत्या फाडायला. सासरे शब्दाचे पक्के होते. घरातल्यांना त्यांच्या या गुणाचा फार त्रास होता.

तिने पुन्हा आकडे उघडले. पाहणारे जवळजवळ सगळे सकाळी सात ते आठच्या दरम्यान उगवत होते. त्यानंतर दिवसभर शुकशुकाट. ढेकूण काय वेळापत्रक लावून चावतात?

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून सासूबाई चहा घेऊन उतरल्या. "आज आपण सगळ्यात वर होतो बरं का," त्या म्हणाल्या. "मी पाहिलं."

सुनेने मान वर केली. "तुम्ही रोज पाहता, आई?"

"रोज. डोळे उघडले की आधी तेच. माझ्या तिन्ही बहिणी पाहतात, वन्संही पाहतात. मीच सांगून ठेवलंय सगळ्यांना. कधी खाली गेलेली दिसली, तर वर येईपर्यंत आम्ही शोधतच राहतो."

"आणि दाबता?"

"वेडी का काय? दाबलं की आपले पैसे जातात, तूच म्हणालीस ना. मी एकेकीला बजावलंय, डोळे भरून बघा, पण बोट लावायचं नाही."

सुनेने कपाळावर हात मारला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला? जाहिरात शंभरदा दाखवूनही कोणी दाबली नाही, तर ती टाकाऊ आहे असं ते यंत्र धरून चालतं आणि तिला खाली ढकलतं, हे तिने जमेल तितक्या गोड आवाजात समजावलं.

सासऱ्यांच्या डोक्यात मात्र लगेच प्रकाश पडला. "दारात आपलेच पाहुणे गर्दी करून उभे, तर गिऱ्हाईक आत शिरणार कुठून?"

"सकाळचा तो तास मी जाहिरात बंदच ठेवते," सून म्हणाली. "म्हणजे दाबणाऱ्यांचा टक्का आपोआप वर येईल."

"ठेव. पण संध्याकाळची अट कायम."

सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी कपबश्या गोळा करायला घेतल्या, अजून कोणाचा चहा संपलेला नसताना.

फोन वाजला. सुनेने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. पलीकडून एक तरुण मुलगी कुजबुजत बोलत होती.

"ढेकणांसाठी फोन केलाय. तुमची जाहिरात दिसली, ती दाबली मी."

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. सुनेने खुर्ची पुढे ओढली.

"चावल्याच्या खुणा आहेत का अंगावर?" तिने विचारलं.

"नाहीत. पण आमच्या सासूबाई रोज सकाळी उठल्या उठल्या फोनवर ढेकूण शोधतात. मी मागून पाहिलं. मी आले की फोन पालथा घालतात. बोलत नाहीत बिचाऱ्या, सोसतात." आवाज कापरा झाला. "माझं लग्न होऊन महिनाच झालाय. गादी मी माहेरून आणलीय. माझ्याच गादीतून आले असले तर? त्यांना कळू न देता काही करता येईल का?"

मग तिने पत्ता सांगितला. बागेसमोरची पिवळी इमारत, दुसरा मजला. तो पत्ता कचेरीतल्या तिघांनाही पाठ होता. ते सासऱ्यांच्या बहिणीचं, म्हणजे सासूबाईंच्या वन्संचं घर होतं.

बहिणीने मुलाच्या लग्नात नव्या व्याह्यांना सांगितलं होतं की आपला भाऊ केमिकलच्या धंद्यात आहे. भावाच्या गाडीवर परातीएवढा ढेकूण रंगवलेला, म्हणून ती दोन गल्ल्या सोडून उभी करायला लावली होती. सासऱ्यांनी ती तशी उभी केली. त्यांना वाईट वाटलं होतं, चांगलंच वाटलं होतं, पण ते कोणाला बोलले नव्हते.

सून सासऱ्यांकडे बघत राहिली. जाहिरातीचं पहिलंवहिलं गिऱ्हाईक फोनवर होतं. जरा फवारून यायचं, ती पोरगी निश्चिंत झोपेल आणि आपलं टेबलही राहील. यात कोणाचं काय बिघडलं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

सासऱ्यांनी फोन आपल्याकडे ओढला.

"मुली, तुझ्या घरात ढेकूण नाहीत. गादी चांगली आहे. खुशाल झोप."

"न बघताच कसं सांगता?"

"सांगतोय ना."

"मग सासूबाई रोज सकाळी शोधतात तरी काय?"

सासऱ्यांनी घसा खाकरला.

"मला," ते म्हणाले.

मग फोनवर तळहात ठेवून सुनेकडे वळले. "सकाळची तेवढी बंद करू नकोस."