मुलांच्या मजल्यावरची आजी

"तूच विचार ना," आलिदा यिस्काच्या कानाशी पुटपुटली.

"आजी, मागच्या बुधवारीही मीच विचारलं. तुम्हाला काय जीभ नाही?" यिस्का हसत म्हणाली, पण तिने हात वर केला.

ग्रोनिंगेन शहरातल्या एका इस्पितळात चौथ्या मजल्यावर, मुलांच्या कर्करोग विभागात, दर बुधवारी अकरा वाजता घरच्या माणसांसाठी कॉफी असे. डॉक्टर हामेलिंकबाई अर्धा तास बसून शंकांना उत्तरं देत. आलिदा दीड महिना येत होती. दाराजवळची खुर्ची धरायची. बिस्किटाचा डबा समोर आला की न घेताच पुढे सरकवायची. बाकीचे रडत, चिडत, मन मोकळं करत. ही नुसती ऐकायची आणि मान खाली घालून निघून जायची.

यिस्काच्या सात वर्षांच्या लेकीला, तीयेला, आणि आलिदाच्या रुलॉफला एकच आजार होता. रक्ताच्या कर्करोगाच्या दोन जाती एकाच रक्तात मिसळलेल्या. लाखांत कुणाला तरी होणारा, आणि झाला की धावत सुटणारा. हे कळल्यापासून यिस्का तिच्या शेजारीच बसत असे.

"डॉक्टर, इंटरनेटवर या आजाराचं वाचलं की घास उतरत नाही," यिस्का म्हणाली. "खरं काय ते सांगा."

"वाचूच नका. तिथले आकडे बरेचदा मोठ्या माणसांचे असतात, आणि मोठ्यांना हा आजार फार जड जातो. मुलांचं शरीर कडक औषधं सोसतं. आमच्याकडची बहुतेक मुलं यातून बाहेर पडतात."

बहुतेक. आलिदाने तो शब्द मनात दोनदा म्हणून पाहिला.

"तुम्ही कोणाच्या?" डॉक्टरांनी अचानक तिच्याकडे वळून विचारलं.

"रुलॉफच्या," यिस्कानेच सांगून टाकलं.

"रुलॉफ?" डॉक्टरांच्या कपाळावर आठी उमटली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि त्या घाईने उठून गेल्या. आलिदाचे कान तापले होते.

सलाइनचा खांब ढकलत तीये आत आली. गळ्यात मण्यांची लांबलचक माळ. प्रत्येक सुईमागे एक मणी मिळे.

"रुलॉफ सुईला रडतो?" तिने आलिदाला विचारलं.

"सुईला नाही. नंतर रडतो कधीकधी. कुणी बघत नसलं की."

तीयेने थोडा विचार केला. मग माळेतला एक निळा मणी काढून आलिदाच्या तळव्यावर ठेवला. "हा पाठीतल्या सुईचा आहे. सगळ्यात मोठी असते ती. त्याला सांगा, मी पण नंतरच रडले."

आलिदाला जमीन दुभंगावी असं झालं. या पोरीने अंगावर सोसून मिळवलेलं आपण हात पसरून घेतोय. आज सांगून टाकायचंच. ती यिस्काकडे वळली. "यिस्का, मला तुला एक..."

"तुम्ही येता ना, त्याचा मला किती आधार वाटतो," यिस्का तीयेची टोपी सारखी करत म्हणाली. "या आजाराचं इथं दुसरं कोणीच नाही हो. एकटीने मी वेडी झाले असते."

"पुढच्या बुधवारी येते," एवढंच आलिदा म्हणाली, आणि कोट उचलून निघाली. जिना उतरताना तिने कुणाच्याच नजरेला नजर दिली नाही.

दोन मजले खाली रुलॉफ खिडकीकडे तोंड करून पडला होता. सूप तसंच गार झालं होतं. तिची चाहूल लागताच त्याने मान वळवली.

"काय म्हणाल्या तुझ्या त्या डॉक्टर?"

आलिदा पलंगाच्या कडेला बसली. खरं सांगायला हाच क्षण होता, हे तिला कळत होतं. त्याचा हात तिने हातात घेतला. नुसती हाडं लागत होती.

"बहुतेक बरे होतात, म्हणाल्या."

"नक्की?"

"माझ्या कानांनी ऐकलं."

तिचा एक्कावन्न वर्षांचा लेक कितीतरी दिवसांनी हसला, त्याने चष्मा चढवला, फोन उचलला आणि आपल्या थोरल्या मुलीला सांगितलं, "लग्न या महिन्यात घाईने उरकू नकोस, पोरी. पुढच्या उन्हाळ्यातच करू, तोवर मी बरा होतोय."